खोडरबराचा भुगा

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. मेकॅनिकचा हुकूम आहे. सकाळी त्याला फोन करून सांगितलं की कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो. तो म्हणाला, "केव्हा पडतो?" म्हटलं, "केव्हाही." "त्या वेळी तुम्ही काय करत होता?" म्हटलं, "काम." यावर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोनही बंद पडला. मग म्हणाला, "मॅडम, एक वही करा. तारीख, वेळ, काय करत होता, स्क्रीनवर काय आलं. रोज लिहा. मग बघू." या माणसाचं प्रत्येक वाक्य 'बघू'वर येऊन टेकतं.

तर, पहिला बिघाड काल, एक तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. पान ८८ वर होते. स्क्रीन निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं, त्यात 'मेमरी' हा शब्द दोनदा. मग आपोआप बंद आणि आपोआप सुरू. काल एकूण चार वेळा, आज तीन वेळा.

यंत्रांबरोबर खोक्यात ज्या माहितीपुस्तिका येतात आणि ज्या कोणी वाचत नाही, त्यांचं भाषांतर मी करते. एकोणीस वर्षं झाली. सध्या घरी वापरायच्या श्वासाच्या यंत्राची पुस्तिका आहे, दोनशे चौदा पानांची, आणि ती सत्तावीस तारखेला द्यायची आहे. त्या दिवशी दिली नाही तर कंपनीच्या बाई पुढचं काम दुसऱ्याला देणार, तसं त्यांनी गोड शब्दांत कळवलंच आहे. आणि माझा शब्दसंग्रह, अकरा हजार शब्दांचा, एकेक करून जमवलेला, तो फक्त याच कॉम्प्युटरवर उघडतो. धाकटीच्या, म्हणजे बहिणीच्या, नव्या लॅपटॉपवर त्याचे नुसते चौकोन दिसतात. म्हणजे हा म्हातारा गेला तर माझी एकोणीस वर्षं चौकोनांत गेली.

चौदा वर्षं याने एकदाही त्रास दिला नव्हता. मी लोकांना अभिमानाने सांगायचे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

८.५०. सुरू होतानाच बंद. ९.१५, पान ९१, 'नळी गरम पाण्याने धुवावी' या वाक्यावर बंद. १०.४०, काहीच करत नव्हते, चहा पीत होते, तरी बंद.

मी पुस्तिकेतल्या 'अडचण आल्यास' या प्रकरणाप्रमाणे वागले, जे मी आयुष्यात निदान दोनशे वेळा भाषांतरित केलं आहे. यंत्र बंद करा, दहापर्यंत मोजा, पुन्हा सुरू करा. वाचणाऱ्याला हे वाचून किती राग येत असेल ते आज कळलं.

प्रत्येक वेळी बंद पडला की माझे वडील, आप्पा, दारात येऊन उभे राहतात. "पुन्हा बसला का तुझा खोका?" आप्पा कॉम्प्युटरला खोकाच म्हणतात. ते घड्याळजी, पंचेचाळीस वर्षं रस्त्याकडेच्या एका काचेमागे बसून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. ज्याला काटे नाहीत ते यंत्रच नव्हे असं त्यांचं मत आहे. म्हटलं, "बसला." ते म्हणाले, "धूळ असेल आत." मी म्हटलं, "आप्पा, हे घड्याळ नाही." ते खोलीत निघून गेले. मी जरा फटकन बोलले.

त्यांनी दाढी वाढवली आहे. गेल्या आठवड्यापासून. विचारलं तर म्हणतात, "हल्ली सगळे ठेवतात." ब्याऐंशीव्या वर्षी हे खूळ. मी बरीच चेष्टा केली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मेकॅनिक येऊन गेला. पन्नाशीचा, सावकाश माणूस, चष्मा कपाळावर ठेवतो आणि मग शोधतो. वही मागितली. वही त्याच्या हातात देणं शक्य नव्हतं, त्याच्याविषयी काय लिहिलंय ते वर आहेच. म्हटलं, मी वाचून दाखवते. आमच्या घरच्या गोष्टी गाळून नुसत्या वेळा आणि पानं वाचली. तो म्हणाला, "बघू."

झाकण उघडण्याआधी तो मागे वाकून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे स्क्रू कोणी बसवलेत?" म्हटलं, "कंपनीने बसवले असतील. का?" चारही स्क्रूंच्या डोक्यावरच्या फुल्या एका रेषेत होत्या म्हणे, सगळ्या सरळ उभ्या. फक्त खालचा एक जरा तिरपा गेला होता आणि त्याच्याभोवती पत्र्यावर ओरखडे होते. "इतकं नीटनेटकं काम मी कंपनीचं कधी बघितलं नाही," तो म्हणाला. मला वाटलं, याला स्क्रूंची पडली आहे, माझी पुस्तिका पडली आहे खड्ड्यात.

कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेला.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात दोन दिवस अखंड चालला. मेमरीच्या सगळ्या चाचण्या पास. मेकॅनिक स्वतः आणून, जोडून देऊन गेला. "माझ्याकडे एकदाही पडला नाही, मॅडम. रॅमची एक पट्टी थोडी सैल होती, नीट बसवली." घरीही दिवसभर उत्तम चालला. पान १०२ पर्यंत पोचले. आप्पांना हाक मारून दाखवलं. ते पडद्याकडे नाही, कॅबिनेटकडे बघत होते. "कोणी उघडला होता?" म्हटलं, "मेकॅनिकने." "हं," म्हणाले. चेहरा असा की जणू कोणी त्यांच्या ताटातलं उचललं.

८ फेब्रुवारी, रविवार

८.४५. निळा. ८.५२. निळा. ९.०५. निळा.

मला काही कळत नाही. काल संध्याकाळी मी स्वतः नीट बंद केला, वर कापड घातलं. मध्ये फक्त झोप झाली. हा झोपेत कसा बिघडतो?

१० फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीचा फोन. मी नवा लॅपटॉप घ्यावा म्हणून ती मागे लागली आहे. "ताई, चौदा वर्षांचा डबा आहे तो. भंगारात दे." म्हटलं, "आणि माझे शब्द?" "तू पण ना," म्हणाली. मग आप्पांशी बोलायचं म्हणाली. आप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, लहान मुलं पेला धरतात तसा. ऐकू कमी येतंय की काय, एकदा कान तपासून घ्यायला हवेत.

आजची शंका: वीज. शेजारच्या घरात भिंत पाडायचं काम चालू आहे, ते लोक साडेआठला मशीन लावतात आणि माझा नेमका त्याच सुमाराला पडतो. नवा बोर्ड आणला, कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवर जोडला. शेजारी जाऊन जरा तावातावाने बोलून आले. ते बिचारे म्हणाले, काम तर गेल्या शुक्रवारीच संपलं.

माझ्या मनगटावरचं घड्याळ थांबलंय. आप्पांना म्हटलं, सेल बदलून द्या. ते म्हणाले, "त्या मापाचा सेल नाही माझ्याकडे. दुकानात दे." त्यांच्या कप्प्यात सेलचं अख्खं पाकीट आहे, मी पाहिलंय. कंटाळा करतात हल्ली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पडला नाही. सकाळपासून एकदाही नाही. पान १२७. नवा बोर्ड पावला म्हणायचं.

एक बारीकशी गोष्ट. टेबलावर, कीबोर्डच्या मागे, खोडरबराचा भुगा सापडला. मळकट वळ्या, दोन चिमटी भरतील इतक्या. मी तर पेन्सिलने लिहीतच नाही. फुंकर मारून उडवला, त्यातला थोडा चहात पडला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेले तीन दिवस वही हातात घेतली नाही कारण शुक्रवारपासून आप्पांना ताप. अंथरुणातून उठलेच नाहीत. औषध दिलं, पेज दिली. पेज मी भरवली, त्यांनी आधी नको म्हटलं आणि मग मुकाट्याने खाल्ली. डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे. जाताना त्यांनी आप्पांना हात पुढे करायला सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "तापाचा हाताशी काय संबंध?" आणि हात पांघरुणात घेतले. स्वभाव.

कॉम्प्युटर मात्र शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, चारही दिवस कुरकूर न करता चालला. पान १६३. इतक्या वेगाने मी वर्षात काम केलं नव्हतं. आप्पांच्या खाटेपाशी जाऊन सांगितलं, "बघा, तुमचा खोका सुधारला." ते हसले, पण नुसतं ओठांनी. खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काल ताप उतरला, पण दिवसभर त्यांच्यापाशी बसले, पान एकही झालं नाही. आप्पा आज पहाटे उठून नेहमीप्रमाणे फिरून आले.

८.४०. सुरूच होत नाही. तीन लांब बीप, मग शांतता, मग परत तीन लांब बीप. पडदा काळा. निळा तरी बरा होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं.

बोर्ड तोच, भिंत तीच, शेजारी गप्प. मी आज रडले. पुस्तिकेची एकावन्न पानं राहिलीत आणि नऊ दिवस. आप्पा आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी आहे ना." मला त्या वेळी त्याचा काही उपयोग वाटला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मेकॅनिक आला. झाकण उघडलं, एक पट्टी काढली, परत बसवली, दोन्ही बाजूंना खट् असा आवाज झाला, आणि कॉम्प्युटर सुरू. अर्धा मिनिट. मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला.

त्याने दुसरी पट्टी काढून उजेडात धरली. तिच्या खालच्या कडेला बारीक सोनेरी दात असतात. म्हणाला, "मॅडम, ही चौदा वर्षांची पट्टी आहे. इतक्या जुन्या पट्टीचे दात काळे पडतात. हे आरशासारखे आहेत. हे कोणीतरी नेमाने पुसतंय." मग विचारलं, "घरात आणखी कोण उघडतं हा?"

म्हटलं, "कोणी नाही. घरात मी आणि माझे वडील. ते घड्याळजी होते, याला शिवतही नाहीत."

"घड्याळजी," तो म्हणाला. आप्पा पलीकडे खुर्चीत पेपर वाचत होते. मेकॅनिकने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, त्यांच्याकडे बघितलं, स्क्रूंकडे बघितलं, आणि चारही स्क्रू बसवताना फुल्या एका रेषेत आणायला लागला. एक स्क्रू जमेना, परत काढला, परत बसवला. जाताना आप्पांना नमस्कार करून गेला. मला 'बघू'सुद्धा म्हणाला नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

निळा, ८.३५ आणि ९.२०. मग दिवसभर ठीक.

आता मला मेकॅनिकचाच संशय येतो. त्याने हात लावला की सुरू, त्याची पाठ फिरली की बंद. आतून काहीतरी सैल ठेवून जात असला पाहिजे. आणि तो नमस्कार कशाला? घरात आणखी कोण उघडतं म्हणे. म्हणजे चोर आम्हीच.

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तू जरा झोप काढ."

२१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी पायात गोळा आला म्हणून उठले. कामाच्या खोलीत दिवा होता.

आप्पा जमिनीवर उशी घेऊन बसले होते. कॉम्प्युटर आडवा, झाकण काढलेलं. चार स्क्रू बशीत ठेवलेले. डोळ्याला ते घड्याळाचं भिंग. उजव्या हातात खोडरबर, डाव्या हातात ती पट्टी, आणि ते पट्टीचे दात पुसत होते. पुसून झाल्यावर पट्टीवर फुंकर मारली, पालथी करून बघितली. मग ती खाचेत बसवायला गेले. हात थरथरत होता. थोडा नाही, सबंध हात, कोपरापासून. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पट्टी खाचेच्या बाजूला घसरली. परत धरली, परत घसरली. पाचव्या वेळी एक टोक गेलं, खट् वाजलं, आणि त्यांना वाटलं झालं. दुसरं टोक वरच राहिलं होतं. मला दारातून दिसत होतं. त्यांना भिंगातून दिसलं नाही.

स्क्रू बसवायला त्यांना त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी त्यांनी कॅबिनेटवर हात फिरवला, गुडघ्यावर रेटा देत उठले आणि खोडरबर खिशात टाकलं. मी पळत येऊन अंथरुणात डोळे मिटून पडले.

८.४०. निळा. आप्पा दारात आले. "अजून बसतो का गं?" म्हटलं, "थोडासा." "उद्या बघू," असं पुटपुटत गेले.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज एक पानही केलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर जोडायला जो माणूस आला होता, तो जाताना म्हणाला होता, "महिन्यातून एकदा आतल्या पट्ट्या काढून साध्या खोडरबराने पुसा, कधी बिघडणार नाही." मी हो हो म्हटलं आणि त्याच्या पाठोपाठ दार लावलं. आप्पा तिथेच बसले होते. त्यांच्या त्या काळ्या वहीत, ज्यात ते गिऱ्हाइकांची घड्याळं लिहीत, मी आज चोरून बघितलं. 'खोका. दर एक तारखेस. रबर.' आणि पुढे पानोपानी बरोबरच्या खुणा. चौदा वर्षांच्या. दुकान बंद झालं तरी खुणा चालू. या महिन्यात मात्र एक तारखेनंतर रोजची खूण आहे, खोका दुकानात होता ते आणि तापाचे दिवस सोडून. अक्षर जानेवारीपासून असं झालंय की आकडेही ओळखू येत नाहीत.

म्हणजे मी ज्याचा अभिमान मिरवत होते ते यंत्राचं कौतुक नव्हतं. आणि आता बिघडतोय म्हणून ते रोज दुरुस्त करतात, आणि रोज दुरुस्त करतात म्हणून बिघडतोय. माझी ही वही चाळली तर सगळं होतं त्यात. दाढी होती, फोन दोन्ही हातांनी धरलेला होता, सेल होता, पेज होती. मी लिहीत गेले आणि मेकॅनिकला वाचून दाखवताना नेमकं तेवढंच गाळलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सांगावं की नाही ते कळत नाही. 'आप्पा, तुम्ही हात लावू नका' एवढं पाच शब्दांचं वाक्य आहे. यांचे हात म्हणजे हा माणूस आहे. सेलाचं खोटं बोलले ते त्यामुळेच. हे एकच यंत्र राहिलंय जे त्यांना वाटतं आपण चालतं ठेवलंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात गेले. मेकॅनिक एका डब्यात मान घालून बसला होता. म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं." तो म्हणाला, "स्क्रूंवरून वाटलं होतं. पण घरातली गोष्ट, मी कशी बोलणार." म्हटलं, "मी तुमच्यावरच संशय घेतला." तो म्हणाला, "सगळेच घेतात."

मग मी म्हटलं, मला पट्टी बसवायला शिकवा. त्याने एक मेलेला कॉम्प्युटर पुढ्यात ठेवला. आधी चिमटे बाहेर पाडायचे, मग खाच जुळवायची, मग दोन अंगठे दोन टोकांवर आणि दोन्हीकडे सारखाच दाब. एक खट् नाही, दोन. मी वीस वेळा काढली आणि वीस वेळा बसवली. शब्दसंग्रहाचं विचारलं, तर म्हणाला, जुन्या प्रोग्रॅममधून काढून नव्यात घालता येईल, आठवडा लागेल. म्हणाला, "बघू," आणि या वेळी ते मला वचनासारखं वाटलं.

हाताचं डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, बरं होणार नाही, गोळीने कमी होईल. आप्पांना गोळी तापाच्या अशक्तपणाची म्हणून दिली. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि घेतली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पा पहाटे त्यांचं काम करून साडेसहाला फिरायला गेले. मी दार लावलं, स्क्रू काढले, दोन्ही पट्ट्या काढून बसवल्या. दोन खट्, दोन खट्. स्क्रू लावले आणि फुल्या एका रेषेत आणल्या, यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. आप्पा परत येईपर्यंत घामाघूम झाले होते.

८.३०. सुरू. पान १७६. आप्पा दारात आले. म्हटलं, "आज छान चाललाय." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "चालणारच," म्हणाले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी तीनला पुस्तिका पाठवली. दोनशे चौदा पानं. चार दिवसांत एकही बिघाड नाही. कंपनीच्या बाईंचं उत्तर आलं, पुढचं काम सोमवारी पाठवतात. आप्पांनी चहा केला. अर्धा बशीत सांडला होता आणि मी बशीतलाच आधी प्यायले.

३ मार्च, मंगळवार

शब्दसंग्रह नव्या लॅपटॉपवर आला. अकराच्या अकरा हजार, एकही चौकोन नाही. मेकॅनिकसमोर मी शेवटच्या शब्दापर्यंत जाऊन बघितलं, त्याने तोवर तीन वेळा चष्मा शोधला. धाकटीने पाठवलेला लॅपटॉप हलका आहे, आवाज करत नाही, आणि त्याला कुठेही स्क्रू दिसत नाही.

धाकटी फोनवर म्हणाली, "आता तरी तो डबा काढ." आप्पा शेजारीच होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मग खोक्याचं काय करणार?" मी म्हटलं, "मी त्याच्यावरच काम करणार. लॅपटॉप नुसता राखीव." संध्याकाळी त्यांनी कप्पा उघडून माझं घड्याळ मागितलं, आणि सेलचं पाकीट माझ्या हातात दिलं. "तू घाल," म्हणाले, "मी सांगतो कसा." झाकण उघडायला मला दहा मिनिटं लागली. घड्याळ चाललं.

५ मार्च, गुरुवार

सकाळी चहा पिताना आप्पा पेपरमागून म्हणाले, "डावीकडचा खालचा स्क्रू थोडा कलला होता आज."

मी म्हटलं, "कुठला?"

"मी पहाटे उघडला तेव्हा. म्हणजे तू काल लावलेला." पेपर हलत होता, त्यांनी तो टेबलावर ठेवला. "स्क्रू लगेच सुलटा फिरवू नये. आधी हलकेच उलटा फिरवायचा. आटा खाली बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा. नाहीतर पत्र्याला ओरखडे पडतात. माझे पडायला लागलेत तसे."

मी विचारलं, "केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून. पहिल्या दिवसापासून." त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलून चहा संपवला. "पट्ट्या मात्र चांगल्या बसवतेस. दोन्ही टोकं."

मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी खोडरबर माझ्या बशीशेजारी ठेवलं होतं.

६ मार्च, शुक्रवार

वेळ: सकाळी साडेपाच.

काय करत होतो: चार स्क्रू काढले. दोन पट्ट्या पुसल्या, बसवल्या. मी बसवत होते, आप्पा खुर्चीत बसून बॅटरी धरत होते.

बिघाड: नाही.

बॅटरीचा उजेड सारखा हलत होता, कधी खाचेवर, कधी माझ्या हातावर, कधी भिंतीवर. आप्पांनी विचारलं, "दिसतंय ना नीट?" मी म्हटलं, "दिसतंय."